नडी की तडी

अण्णांच्या तोंडून 'थांब' हा शब्द मी कधी ऐकला नाही. पळणारं पोर असो, हंबरडा फोडणारी बाई असो, बांधावर भांडणारे दोन शेतकरी असोत की उधळलेलं घोडं असो, 'थांब' म्हटल्यानं जगात कुणी थांबत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. "थांब म्हनलं की त्येला कळतंय आपन पळायलोय. तवर त्येला त्ये ठावं नसतंय," असं ते सांगायचे. आणि इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगायचे की हसावं की वहीत टिपून घ्यावं, ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही. मी आधी हसलो. टिपून घ्यायची पाळी नंतर आली.

अण्णा निपाणीला देवी टोचण्याचं काम करायचे. सरकारी कागदात ते व्हॅक्सिनेटर होते, खेड्यापाड्यात देवीडॉक्टर, आणि तोंडावर सगळेच त्यांना अण्णा म्हणायचे. वर्षाच्या आतल्या प्रत्येक मुलाच्या दंडावर लस टोचायची, आठ दिवसांनी परत त्याच गावी जाऊन ती उठली की नाही, म्हणजे फोड आला की नाही, ते बघायचं, नसेल उठली तर पुन्हा टोचायचं. काम एवढंच, पण गावं तीसचाळीस. हमरस्त्यावर मोटारी धावू लागल्या होत्या खऱ्या, पण वेदगंगेकाठच्या काळ्या रानात दिवाळी होऊन गेली तरी बैलगाडी रुतायची. म्हणून या नोकरीला सरकारी घोडं मिळायचं, आणि घोड्यावर बसता येणं ही नोकरीची अट होती.

मी बत्तीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, बेळगावच्या एका कचेरीत आवक-जावक लिहिणारा कारकून. अण्णांची मुदत संपत आली होती आणि त्यांच्या जागी मी अर्ज केला होता. अर्जात ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'घोड्यावर चांगले बसता येते.' खरी गोष्ट अशी की लहानपणी कराडजवळच्या आमच्या गावात एका वरातीत मला नवरदेवाच्या पुढ्यात घोड्यावर बसवलं होतं, आणि मी असं काही भोकाड पसरलं की मला उतरवून वाजंत्र्यांच्या गाडीत टाकावं लागलं. माझी सगळी घोडेस्वारी ती.

असं लिहून देणारा मी पहिला नव्हतो. अण्णा येण्याआधी ही जागा दोन वर्षं रिकामी पडली होती. जो येई तो बसता येतं म्हणून लिहून देई आणि महिन्याभरात हात नाहीतर पाय मोडून घरी जाई. त्या दोन वर्षांत एका गावात देवीची साथ आली. अण्णा त्याबद्दल एकच वाक्य बोलायचे. "मी पयल्यांदा गेलतो तवा त्या गल्लीत एक पाळना हालत न्हवता." त्यापुढे विचारलं तर ते उठून तट्टाला पाणी दाखवायला जायचे.

म्हणून माझी परीक्षा माझ्या एकट्याची नव्हती. पाच महिन्यांनी खात्याचे साहेब चिकोडीला येणार होते आणि मला घोड्यावर बसलेलं बघणार होते. मी नापास झालो तर बायकोमुलींना घेऊन शहापूरला सासऱ्यांकडे जाऊन हातमागावर बसायचं, कारण बेळगावची कारकुनी मी ऐटीत सोडून आलो होतो. आणि अण्णांच्या गावांना पुन्हा कुणी वाली उरणार नव्हता. पहिलं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुसरं उमगायला वेळ लागला.

पहिल्या दिवशी अण्णांनी मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "कारकून, बसता येतंय न्हवं?"

"येतं की," मी म्हणालो.

"घोड्याच्या कुठल्या अंगानं चढता?"

मी विचार केला आणि म्हणालो, "ज्या बाजूनं सोयीचं पडेल त्या."

घोड्यावर डाव्या अंगानंच चढतात, हे मला कुठं ठाऊक! अण्णांनी मान हलवली. दुसरा कुणी असता तर त्यानं चारचौघांत माझी टोपी उडवली असती. अण्णा एवढंच म्हणाले, "बरं. मग उद्यापास्नं शिकू." कुणाला कधी त्यांनी हे सांगितलं नाही. साहेबांना तर नाहीच.

त्यांच्या वाट्याचं सरकारी घोडं म्हणजे एक पांढुरकं म्हातारं तट्टू होतं. त्याला नाव नव्हतं. अण्णा कुठल्याच जनावराला नाव ठेवायचे नाहीत. "नाव ठेवलं की हाक मारावी लागतीय, आन् हाक मारून आलं न्हाय तर चार लोकांत आपलीच शोभा," हे त्याचं कारण. रोज सकाळी उठल्यावर बायकोच्या आधी ते तट्टाशी बोलायचे, आणि चांगलं पाव तास बोलायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. आक्कांची त्यावर काही तक्रार नव्हती. "माझ्यासंगं भांडायचं समदं तितंच सपवून येत्यात. घर निवांत ऱ्हातंय," म्हणायच्या.

भर उन्हाळ्यातसुद्धा अण्णांच्या अंगात जाड खाकी कोट असायचा. डाव्या खिशात तट्टासाठी चणे, उजव्या खिशात पोरांसाठी फुटाणे. घाईत खिसे हमखास बदलायचे. पोरं घोड्याचे चणे कडाकडा फोडून खायची आणि तट्टाला फुटाण्यांची अशी चटक लागली होती की चणे दिले तर ते तोंड फिरवायचं. स्वतः अण्णा दोन्ही खिशांतलं खायचे. काळजी लागली की डाव्या खिशातलं जास्त खायचे, हे मला आक्कांनी सांगितलं होतं.

गावात त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा गेलो तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. देवीडॉक्टर आला म्हटल्यावर बायका कडेवर पोरं मारून उसात पळाल्या. टोचलं तर देवीचा कोप होतो, पोराला ताप भरतो, अशी त्यांची भीती. ताप तर खरंच भरायचा. पाटील म्हणाले, "अण्णा, मानसं लावून वडून आनू काय?" अण्णा नको म्हणाले आणि चावडीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसले. सगळ्यांच्या मागे एक अंगानं जड बाई राहिली होती. तिला पळणं जमत नव्हतं. अण्णा तिला म्हणाले, "बाई, पळा, काय हरकत न्हाय. पर जाता जाता माझी येवढी कळशी भरून आना की. सकाळपास्नं घसा वाळलाय."

बाई घोटाळली. पाणी मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? कळशी घेऊन गेली आणि भरून घेऊन आली, कडेवर पोर तसंच. अण्णा पाणी प्यायले, मग तिला म्हणाले, "ही कापसाची पुडी जरा धरा, माझं हात वलं हायीत." तिनं धरली. "ह्येला दात आलं का वो?" तिनं पोराचं तोंड उघडून दाखवलं. मग पोराच्या हातात टोपी, टोपीत फुटाणे, आणि पोर फुटाण्यांकडे बघत असताना दंडावर काम उरकलेलं. उसातनं एकेक डोकं वर येऊ लागलं. दुपारपर्यंत अर्धं गाव टोचून झालं. त्यातल्या प्रत्येकीला अण्णांनी काही ना काही काम सांगितलं होतं.

परतताना मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही माणसांना फसवता."

"फशिवत न्हाय. पळनाऱ्याला काम सांगायचं. हातात काम आलं की पाय आपसूक हळू हुतंय."

घोड्याचंही त्यांनी मला हेच शिकवलं. माझ्या वाट्याला जी घोडी आली ती तांबडी, उंच, कानांनी सतत कुणाचं तरी बोलणं ऐकत असलेली. गोकाककडच्या एका घरातून ती सरकारात आली होती आणि त्या घरात कानडीशिवाय दुसरा शब्द नव्हता. घोडीला मराठी ओ की ठो कळायचं नाही. अण्णांनी मला दोनच शब्द पाठ करायला दिले. नडी म्हणजे चल. तडी म्हणजे थांब. 'थांब' न म्हणणाऱ्या माणसाला घोडीपुरती ही सवलत का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ती उबी ऱ्हायला तयार झाली की मगच म्हनायचं. तिच्या मनात आलेलं आपन निस्तं बोलून दाखवायचं."

नडी आणि तडी. फरक एका अक्षराचा. बाजारापुरतं कानडी मला येत होतं, घरात तर बायको माहेरची शहापूरची, मागाच्या ठोक्यावर दोन्ही भाषा शिकलेली. बसल्या जागी शंभर वेळा म्हणून दाखवलं असतं. पण घोडीनं जरा पाय उचलले की माझ्या तोंडातून 'नडी'च निघायचं. घोडी बिचारी आज्ञाधारक. ती आणखी जोरात जायची. मी आणखी जोरात 'नडी, नडी' ओरडायचो. ती म्हणत असेल, याला इतकी घाई आहे तरी कसली?

तिसऱ्या दिवशी मी असाच एका तंबाखूच्या शेतात जाऊन पडलो. मला कुठं लागलं ते न बघता शेतकरी मोडलेली पानं मोजायला लागला. अण्णांनी त्याला घोडी धरायला सांगितलं, आणि ती धरता धरता त्याचा राग निवळला. शेवटी त्यानंच मला पाणी दिलं.

हे कोडं माझ्या बायकोनं सोडवलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुमाला भ्या वाटलं की 'नको नको' म्हनायचं असतंय. त्यो 'न' फुडं येतोय, मागनं 'डी' चिकटतंय. घोडीची काय चूक न्हाय." मी तिच्यावर चिडलो, कारण ते शंभर टक्के खरं होतं. अण्णांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाले, "वैनी, तुमाला आमच्या खात्यात घ्याया पायजे." आणि मला म्हणाले, "कारकून, तुमच्या जिबंवर भरवसा ठेवन्यात अर्थ न्हाय. आता हात शिकवू."

मग हाताची शाळा सुरू झाली. आम्ही अण्णांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. मधल्या सोप्यात बाकावर कोंड्याचं पोतं ठेवायचं, पोत्यावर मी, पाय लोंबकळत सोडलेले. हातात लगामाच्या दोन वाद्या. वाद्यांची टोकं दाराच्या फटीतून आत गेलेली, आणि आत आक्का. आक्का म्हणजे पळणारी घोडी. त्या दोन्ही हातांनी असे हिसडे द्यायच्या की मी पोत्यासकट दारावर आदळायचो.

"दोनी वाद्या एकदम वढू नगा," अण्णा शेजारी बसून सांगायचे. "घोड्याची मान तुमच्या कमरंयेवडी. तुमी वढलं की ते बी वढतंय, आन् तेच जिकतंय. एक वादी ढिली सोडा. दुसऱ्या हातानं वादी मानंजवळ धरा आन् हात गुडघ्याकडं न्या. वढा, सोडा. वढा, सोडा. वढूनच ठिवलं तर घोडं आडवं हुतंय, तुमी खाली आन् ते वर. मान वळली की त्येला वाटोळं फिरावं लागतंय. मग फुडचा पाय कुठं टाकू, मागचा कुठं टाकू, ह्येचा इचार करावा लागतोय. इचार करनारं घोडं पळत न्हाय."

"आणि माणूस?"

"मानूस इचार करत बी पळतोय. त्येचं औषिद न्हाय मला म्हाईत."

सगळ्यात अवघड ते एक वादी सोडणं. पडायला लागलेला माणूस हातात येईल ते घट्ट धरतो. त्यानं नेमकं त्याच वेळी अर्धं सोडून द्यायचं. माझी डावी मूठ काही केल्या सुटायची नाही. शेवटी बायकोनं उपाय काढला. मी जेवायला बसलो की ती मध्येच ओरडायची, "घोडी पळाली!" त्यासरशी मी डावी मूठ उघडून उजवा हात गुडघ्यावर आपटायचा. महिनाभर माझ्या धोतराच्या उजव्या गुडघ्यावर आमटीचे डाग होते. मुली खदखदून हसायच्या. खरं सांगायचं तर त्या घरात आम्ही फार सुखात होतो. परीक्षेची धास्ती पोटात होतीच, पण सुखही होतं, आणि ते त्या वेळी कळत होतं.

परीक्षेचा दिवस आला. चिकोडीच्या सरकारी बंगल्यासमोर साहेब खुर्ची टाकून बसले होते. पुण्याकडचे, मराठी बोलणारे, कडक इस्त्रीचे. मी बंगल्यापासून पुलापर्यंत जायचं, वळायचं, दुडक्या चालीनं परत यायचं. पुलापर्यंत सगळं नीट झालं. मी वळलोही. परत येताना साहेबांच्या तोंडावर ऊन आलं, म्हणून त्यांच्या शिपायानं मोठी पांढरी छत्री फटकन उघडली.

घोडी जागच्या जागी गर्रकन फिरली आणि उधळली. पुलाकडे नाही, पुलाअलीकडच्या फाट्यानं गावाकडे. आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "नडी! नडी!"

पुढचं बंगल्यापुढं काय घडलं ते मला शिपायानं नंतर सांगितलं. तो कानडी माणूस. तो डोकं धरून रस्त्यात आला आणि माझ्या पाठीमागून ओरडू लागला, "तडी अन्री, रायरे! तडी अन्री!" म्हणजे तडी म्हणा, अहो तडी म्हणा. साहेब उठून उभे राहिले आणि अण्णांना म्हणाले, "बघता काय? तुमचं तट्टू तयार आहे, जा त्याच्या मागं!" अण्णा बंगल्याच्या पायरीवर बसले. साहेबांसमोर बसले! "नगं साहेब," ते म्हणाले. "मागं घोडं लागलं की घोडीला वाटतंय शर्यत हाय. मग ती पुन्याला जाऊन थांबंल."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता म्हणे. "माणूस मरेल तो!"

"त्येला म्हाईत हाय काय करायचं त्ये," अण्णा म्हणाले.

मला मात्र काहीही माहीत नव्हतं. मला फक्त समोरचा रस्ता दिसत होता आणि त्या रस्त्याच्या टोकाला बाजार. बाजाराचा दिवस होता. कुंभारणींनी दुतर्फा गाडगी मांडली होती, मध्ये माणसं, माणसांच्या पायांत पोरं. एक बाई मिरच्यांच्या ढिगापुढे पाठमोरी बसून पोराला पाजत होती. तिला काही ऐकू गेलेलं नव्हतं. मी दोन्ही वाद्या छातीशी ओढून धरल्या होत्या आणि घोडी मान ताणून माझे हात खांद्यातून उपटत होती. आता ही त्या बाईवर जाणार, एवढा एकच विचार डोक्यात होता. स्वतः पडायची भीती त्यात कुठं गेली कुणास ठाऊक.

डावी मूठ उघडली. मी उघडली असं म्हणवत नाही, ती उघडली. उजवा हात वादीवर पुढं सरकला, त्यानं वादी मानेजवळ धरली आणि तो गुडघ्याकडं गेला. ओढलं, सोडलं. काही झालं नाही. टाचा खाली दाबून मी खोगिरात खोल बसलो. ओढलं, सोडलं. घोडीचा उजवा डोळा मला दिसला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच पळत्या घोडीचा डोळा मला दिसला होता. पुन्हा ओढलं. तिची मान वळली, आणि रस्त्याच्या उजव्या हाताला मळणी होऊन गेलेलं एक मोकळं खळं होतं, त्यात आम्ही दोघं शिरलो.

पहिला फेरा सगळ्या खळ्याचा झाला. कडेला ठेवलेली कडब्याची पेंढी उडाली. दुसरा फेरा त्याच्या निम्म्यानं. ओढलं, सोडलं. आता तिचे पाय एकमेकांत येऊ लागले, मधूनच ती अडखळायची, सावरायची. ती विचार करत होती! हे कळलं आणि मला हसू आलं. खरोखरचं, मोठ्यानं हसू. तिसरा फेरा दुडका, चौथा चालीचा. तिनं फुर्रकन नाक फुरफुरवलं, पाय जड टाकले, आणि ती उभी राहणार हे माझ्या मांड्यांना कळलं. तेव्हा मी हळूच म्हणालो, "तडी."

ती उभी राहिली. मी खाली वाकून तिच्या घामेजल्या मानेला मिठी मारली आणि थोडा रडलोसुद्धा. बाजारातल्या त्या बाईनं एवढं होईपर्यंत मागं वळून पाहिलं नव्हतं.

मी घोडीवर बसूनच, चालीचालीनं बंगल्याकडे परत गेलो. साहेब छत्रीबाहेर उन्हात उभे होते. त्यांनी मला उतरूही दिलं नाही. "अर्जात लिहिलंय, घोड्यावर चांगलं बसता येतं. हे खरं आहे का?"

पाच महिने हे खोटं माझ्या मानेवर बसलं होतं. मी म्हणालो, "साहेब, तेव्हा खोटं होतं. आज खरं झालं."

साहेबांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा अजून पायरीवरच होते आणि समोर बघत चणे खात होते. डाव्या खिशातले. तोंडात घास मावत नव्हता तरी आणखी टाकत होते. साहेबांनी विचारलं, "तुम्ही उठला का नाही हो?"

"उबा ऱ्हायलो असतो तर पाय पळालं असतं, साहेब," अण्णा भरल्या तोंडानं म्हणाले. "आन् मी पळालो असतो तर त्येला कळलं असतं की काय तर वंगाळ झालंय."

साहेबांनी कागदावर सही केली. मी अण्णांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी माझ्या हातात घोडीचा लगाम दिला आणि म्हणाले, "आदी तिला फिरवून गार करा. वल्ल्या अंगानं उबी ठिवू नगा."

अण्णांची मुदत संपली तशी त्यांनी तट्टू सरकारात जमा केलं. त्या दिवशी सकाळी ते तट्टाशी पाव तास नाही, तासभर बोलत होते. आक्का दारात आल्या, बघितलं आणि परत आत गेल्या. मला वाटलं होतं अण्णा मला शेवटचं काहीतरी सांगतील, सगळ्या गावांचे खाचखळगे समजावतील. त्यांनी गावांच्या नावांची वही दिली आणि उन्हात फिरायला निघून गेले. मग दोन दिवस ते घरी दिसलेच नाहीत. आक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "गेल्याती कुठं तर. मानूस रिकामा झालाय, फिरू दे." मला वाईट वाटलं. आपण यांची गावं घेतली, आणि आता ते आपल्याशी नीट बोलतही नाहीत, असं वाटत राहिलं.

सोमवारी मी पहिल्यांदा एकटा निघालो. वहीतलं पहिलंच गाव वेदगंगेच्या वळणावरचं, आणि नावापुढं अण्णांच्या हातानं बारीक अक्षरात लिहिलेलं, 'अवघड'. रस्ताभर मी बायका उसात पळताना बघत होतो. पळाल्या तर काय काम सांगायचं? कळशी मागायची? सुईदोरा? माझ्या तोंडून नेमक्या वेळी नेमका शब्द निघेल याची मला मुळीच खात्री नव्हती.

गावात शिरलो आणि घोडी आपणहून थबकली. देवळापुढच्या सावलीत बायका ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर पोर, पोरांच्या बाह्या वर सारलेल्या. कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, कुणी वारलंय की काय.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" मी घोडीवरूनच विचारलं.

पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "परवा अण्णा येऊन गेलं न्हवं. चालत आलतं, बिचारं. ह्या वळीतल्या समद्या गावास्नी जाऊन आलं म्हनं."

"काय म्हणाले?"

म्हातारी बाकीच्यांकडे बघून जराशी हसली. "म्हनलं, नवीन मानूस येनार हाय. चांगला हाय, पर लई भितोय. तुमी पळालासा तर त्यो बी पळंल. तवा गप बसून ऱ्हावा."

मी खाली उतरलो, घोडी झाडाला बांधली आणि तिथंच उभा राहिलो. म्हातारीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बस रं बाबा, पानी पी," ती म्हणाली. "आमी काय करत न्हाय तुला." आणि मांडीवरचं नातवंड तिनं उचलून माझ्या हातात दिलं.